पाव सेकंदाची राखण

शालनला कुणाला 'नाही' म्हणता यायचं नाही. निपाणीला तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या अंबुबाईची ती थोरली मुलगी. शेजारणीनं पाणी भरायला बोलावलं की जायची, आणि चिकोडीच्या पॉलिटेक्निकात कुणी प्रयोगाची वही मागितली की स्वतःची पुरी व्हायच्या आधी देऊन टाकायची. अंबुबाई म्हणायची, "ह्या पोरीच्या तोंडात नकार घालायला देव इसरला."

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन ती एकविसाव्या वर्षी बंगळूरला आली. एका मोबाइल टॉवरच्या कंपनीत, कंट्रोल रूममध्ये, तिनं सतरा वर्षं काढली. शेकडो टॉवर भिंतीवरच्या पडद्यांवर हिरव्या ठिपक्यांसारखे दिसायचे. त्यातला एखादा पिवळा झाला की तो लाल होण्याआधी तिकडे माणूस पाठवायचा, हे तिचं काम. लग्न झालं ते चिकोडीकडच्याच देवाप्पाशी. तो सिटी बस चालवायचा. दोघांनी हेब्बाळच्या फ्लायओव्हरमागे दोन खोल्या घेतल्या आणि तिथेच राहिले.

ती अडतीस वर्षांची असताना हेब्बाळच्याच एका टेक पार्कात, चौथ्या मजल्यावर, नवं केंद्र सुरू झालं. त्यांना रेडिओ लिंकवर नजर ठेवणारी अनुभवी व्यक्ती हवी होती. शालनला ती नोकरी मिळाली. आईला तिनं फोनवर समजावलं ते असं:

"डॉक्टर बसत्यात हितं बंगळूरात, आणि पेशंट असतोय तिकडं लडाखात, डोंगराच्या पार वर. शेवटच्या टप्प्याला तारबी न्हाई, सगळं हवेतनं. डॉक्टर हितं बोटं हलवत्यात, तिकडं मशिनचं हात हलत्यात."

अंबुबाईनं विचारलं, "आणि तू काय करतीस त्यात?"

"मी बघती, बोटं आणि हात एकाच टायमाला हलत्यात का न्हाई."

काम खरोखर एवढंच होतं. बंगळूरच्या बोटाची हालचाल वरच्या ठाण्यापर्यंत पोहोचायला आणि तिथलं चित्र परत यायला थोडा वेळ लागतोच. सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यातले साठ-सत्तर. एवढा उशीर हाताला जाणवत नाही. दीडशेच्या पुढे गेला की जाणवतो. अडीचशेला, म्हणजे पाव सेकंदाला, डॉक्टरला दिसतं ते मागचं असतं आणि चिमटा पुढे गेलेला असतो. म्हणून नियम असा होता की दीडशेला शालननं सावध करायचं आणि अडीचशेला थांबवायचं. तिच्या पायाशी एक पेडल होतं. ते दाबलं की वरचे यंत्राचे हात जिथे असतील तिथे गोठायचे.

ते ठाणं साडेचौदा हजार फुटांवर होतं, रस्त्याचं काम करणाऱ्या मजुरांच्या छावणीशेजारी. दोन मोठे कंटेनर जोडून केलेली शस्त्रक्रियेची खोली, दोन डॉक्टर आणि चार माणसं. हिवाळ्यात यंत्राच्या सांध्यांतलं वंगण घट्ट व्हायचं, म्हणून यंत्राच्या हातांना विजेच्या कांबळ्यात गुंडाळून ठेवावं लागे. तिथून खालच्या गावापर्यंत तीस किलोमीटर रेडिओचा एकच टप्पा. वारा सुटला की टॉवर बोटभर डुलायचा, आणि बोटभर डुलला तरी तीस किलोमीटरवर निशाणा चुकायचा. शालन रोज सकाळी दहाला वरच्या डॉक्टर प्रणीतला फोन करून वारा विचारायची. प्रणीत अठ्ठावीस वर्षांचा, एमबीबीएस होऊन शस्त्रक्रियेचं जुजबी शिक्षण घेतलेला, बंगळूरच्याच बसवनगुडीतला. वाऱ्याचं सांगून झालं की तो तिला हमखास विचारायचा की आज बंगळूरला ऊन आहे का.

बंगळूरच्या टोकाला कन्सोलवर, म्हणजे डोळे लावून चित्र बघायच्या आणि बोटांनी वरचे हात चालवायच्या यंत्रावर, बसायच्या त्या डॉ. नीरजा. वय अठ्ठावन्न. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांबरोबर इकडे आलेलं, आणि घरातली मराठी तेव्हापासून कन्नडात मुरलेली. पहिल्या आठवड्यातच शालनच्या बोलण्यातली निपाणी त्यांनी ओळखली आणि सांगितलं, "सगळ्यांसमोर मॅडम म्हण. दोघीच असलो की अक्का म्हण. माझ्याशी मराठी बोलणारं इथे दुसरं कोण आहे?"

सरावाच्या दिवसांत मुद्दाम लिंक बिघडवून बघायचे. आकडा अडीचशेवर गेला की शालन म्हणायची, "मॅडम, जरा थांबता का?"

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा नीरजांनी डोळे कन्सोलवरून वर काढले. "शालन, हे काय गं? मला चहाला बोलावतेस का? नुसतं 'थांबा' म्हण."

"तुम्ही एवढ्या मोठ्या..."

"मोठी बिठी काही नाही. हातात चिमटा असला की माणसाला वाटतं, एवढं एक करते न् सोडते. मलाही वाटतं. तेव्हा तू 'थांबा' म्हण. दुसऱ्यांदा म्हण. तरी थांबले नाही तर पेडल दाब. मी ओरडले तरी दाब. सरी? कळलं?"

"सरी, अक्का," शालन म्हणाली. नंतर घरी स्वयंपाक करताना ती 'थांबा' हा शब्द म्हणून बघायची. देवाप्पा दाढी करता करता विचारायचा, "कुणाला थांबवायलीस?"

दीड वर्षात अकरा शस्त्रक्रिया झाल्या. अपेंडिक्स, हर्निया, एकदा पित्ताशय. एकदाही पेडल दाबावं लागलं नाही.

जानेवारीत एका सकाळी छावणीजवळ दगडांची भिंत रचताना ती कोसळली आणि बुधन मुर्मू नावाचा मजूर खाली सापडला. झारखंडातल्या दुमक्याकडचा, सव्वीस वर्षांचा. डाव्या बरगड्यांखाली मार लागला होता. प्रणीतनं सोनोग्राफी केली. पाणथरी, म्हणजे प्लीहा, फाटली होती आणि पोटात रक्त साठत होतं. रस्ता बर्फानं बंद, आणि ढग इतके खाली आलेले की हेलिकॉप्टर येणार नव्हतं. छावणीतल्या चौघांनी रक्त दिलं, पण आत गळती चालू असताना वरून किती ओतणार? पाणथरी काढून टाकणं हाच इलाज होता.

नीरजांनी शालनला विचारलं, "लिंक टिकेल?"

शालननं वाऱ्याचा अंदाज दोनदा वाचला. "बारापर्यंत टिकेल. त्याच्या पुढचं मला सांगता येत नाही, मॅडम."

"बारा पुरेत."

दहा चाळीसला सुरुवात झाली. आकडा सत्तरच्या आसपास होता. बुधनच्या पोटात आधी रक्ताशिवाय काही दिसत नव्हतं. ते शोषून घेत, वाट काढत नीरजा पाणथरीच्या मुळापर्यंत पोहोचल्या. तिथे एक धमनी आणि एक शीर असते. दोन्ही क्लिपांनी बंद केल्या की पाणथरी सोडवता येते. धमनीवर दोन क्लिपा बसल्या तेव्हा अकरा पन्नास झाले होते.

आकडा नव्वद झाला. मग एकशे साठ, मग पुन्हा ऐंशी.

"मॅडम, दीडशे ओलांडतोय. लिंक डुलतेय."

"सरी. स्वल्पच राहिलंय."

दोनशे दहा. एकशे तीस. आणि मग दोनशे नव्वद.

"थांबा," शालन म्हणाली.

नीरजांची बोटं हलतच होती. "शिरेवरची एक क्लिप. एकच."

"मॅडम, थांबा."

"शालन, एक मिनिट म्हटलं ना."

शालननं पेडल दाबलं.

पडद्याभोवती पिवळी चौकट आली. साडेचौदा हजार फुटांवर यंत्राचे तिन्ही हात बुधनच्या पोटात होते तसे राहिले. नीरजांनी डोकं कन्सोलमधून बाहेर काढलं आणि शालनकडे पाहिलं.

"काय केलंस तू?"

शालनची नजर आकड्यावरच होती. पेडल दाबल्यावर चाळीस सेकंदांनी तो आकडा पंच्याहत्तरवर आला आणि तिथेच राहिला. लिंक सुधारली होती.

"बघ," नीरजा म्हणाल्या. "आली ना परत?"

"होय, मॅडम."

पण गोठलेले हात लगेच सुरू करता येत नव्हते. दोन्ही टोकांना प्रत्येक सांधा तपासूनच यंत्र पुन्हा जागं व्हायचं, आणि त्याला नऊ मिनिटं लागायची. तिसऱ्या मिनिटाला वरून भूल देणाऱ्या डॉक्टरांचा आवाज आला. रक्तदाब पडत होता. शिरेतून गळत होतं.

नीरजांनी एकदा घड्याळ पाहिलं. "प्रणीत, यंत्राचे हात सोडव आणि पोट उघड. तू करायचंस."

"मॅडम, मी हे कधी एकट्यानं..."

"एकटा नाहीस. माझा आवाज येतोय ना? मला दिसतंही आहे. जे सांगते तेवढंच कर."

बोलण्याला पाव सेकंद उशीर झाला तर काही बिघडत नाही. पुढची पन्नास मिनिटं नीरजा फक्त बोलत होत्या. कुठे कापायचं, कुठलं बोट कुठे घालायचं, कधी नुसतं दाबून धरायचं. दोनदा प्रणीतचा श्वास इतका जोरात ऐकू आला की शालनला वाटलं, आता हा सोडून देईल. त्यानं सोडलं नाही. पाणथरी बाहेर आली आणि रक्त थांबलं. गडबडीत शेजारच्या स्वादुपिंडाच्या टोकाला मात्र चीर गेली होती. प्रणीतनं तिथे नळी ठेवून पोट शिवलं.

नीरजा उठल्या आणि शालनकडे न बघता बाहेर गेल्या.

बुधन जगला, पण बरा होईना. तिसऱ्या दिवशी ढग उघडले तेव्हा त्याला हेलिकॉप्टरनं खाली नेलं आणि पुढे चंदीगडच्या इस्पितळात. स्वादुपिंडाच्या त्या चिरेतून पाझर सुरू झाला होता. ताप उतरत नव्हता. केंद्रात लोक हळू आवाजात बोलायचे आणि शालन आली की विषय बदलायचे. चाळीस सेकंद थांबली असती तर क्लिप बसली असती, पोट उघडावं लागलं नसतं आणि चीर गेली नसती. हे तिला कुणी तोंडावर म्हटलं नाही. ते ती स्वतःच स्वतःला म्हणत होती.

नीरजा रोज यायच्या, आणि कामापुरतं इंग्रजीत बोलायच्या.

घरी शालनचं जेवण ताटात राहायला लागलं. एका संध्याकाळी देवाप्पा ड्यूटीवरून आला आणि तिच्यासमोर बसला.

"बग, मी दिवसात शंभरदा ब्रेक दाबतोय. दाबला नसता तर काय झालं असतं, कुणाला ठावं हाय? मागचं पाशिंजर शिव्या घालत्यात. घालंनात का."

"तुमच्या ब्रेकनं कुणाचं प्वाट फाडाय लागत न्हाई."

देवाप्पानं तिचं ताट उचलून आत नेलं, भात गरम करून आणला आणि ती चार घास खाईपर्यंत तिथंच बसून राहिला.

दहा दिवसांनी चौकशीची बैठक झाली. केंद्राचे प्रमुख विश्वेश्वर टेबलाच्या टोकाला होते. बोलायला मृदू माणूस. त्यांनी सगळ्या वेळा वाचून दाखवल्या आणि मग विचारलं, "शालन, तुम्ही आणखी चाळीस सेकंद वाट पाहिली असती तर?"

शालननं येताना उत्तर पाठ केलं होतं. ते तिला आठवेना. ती म्हणाली, "सर, चाळीस सेकंदांनी लिंक सुधारणार आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आणखी बिघडेल की सुधरेल, काहीच माहीत नव्हतं. म्हणून दाबलं. पण त्या माणसाला जे सोसावं लागतंय ते त्यामुळेच, हेही मला कळतंय. तुम्ही मला दुसऱ्या कामावर टाकलं तर माझी तक्रार नाही."

विश्वेश्वर काही लिहायला लागले तेवढ्यात नीरजा म्हणाल्या, "थोडं थांबा. मला एक दाखवायचंय."

त्यांनी पडद्यावर एक आलेख आणला. "पेडल दाबलं तेव्हा वरचे हात गोठले. माझी बोटं गोठली नव्हती. ती कन्सोलवर हलत राहिली आणि त्याची इथे नोंद झालीय. काल मी ती काढून पाहिली. शालनची चूक किती मोठी हे दाखवायला काढली, तेही सांगते." त्यांनी आलेखावर बोट ठेवलं. "मला दिसत होतं ते चित्र मागचं होतं. मला वाटलं, चिमटा अजून शिरेपर्यंत गेला नाही. मी तो पुढे सारला. साडेसहा मिलिमीटर. पेडल दाबलेलं नसतं तर वर तो तेवढा आत गेला असता."

"शीर फाटली असती?" विश्वेश्वरांनी विचारलं.

"फाटली असती किंवा कडेनं गेला असता. मला सांगता येणार नाही. फाटली असती तर पोट उघडायलाही वेळ मिळाला नसता, एवढं मात्र सांगू शकते. तिनं दोनदा 'थांबा' म्हटलं. मी ऐकायला हवं होतं. चौकशीच्या कागदावर लिहायचं असेल तर ते लिहा."

बैठक संपल्यावर शालन जिन्याकडे गेली. नीरजा मागून आल्या आणि दोघी एका पायरीवर बसल्या. खाली तलावाच्या बाजूचा रस्ता गाड्यांनी तुंबला होता.

"मला फार राग आला होता तुझा," नीरजा म्हणाल्या. "मीच शिकवलं, आणि मलाच राग."

"मला माझा आला होता, अक्का. अजून आहे थोडा."

"राहील तो. मला चोवीस वर्षांपूर्वीच्या एका केसचा अजून आहे." त्यांनी चष्मा पुसला. "पुढच्या वेळी तू नसशील तर मी कन्सोलवर बसणार नाही. तुला काय पाहिजे ते सांग, मी विश्वेश्वरांशी बोलते."

शालनला काय हवं हे तिला ठाऊक होतं. दहा दिवस तिनं दुसरा विचारच केला नव्हता. तिनं दोन गोष्टी सांगितल्या. दीडशेला सावध केलं की डॉक्टरनं बोटं उचलायचीच, म्हणजे अडीचशेची वेळ सहसा येणार नाही. आणि गोठलेले हात जागे व्हायला लागणारी ती नऊ मिनिटं कमी करायची. इंजिनिअर आधी नाही म्हणाले. शालन त्यांच्या खोलीत रोज जाऊन बसायला लागली. सगळे सांधे तपासण्याऐवजी गोठल्यानंतर दोन्ही टोकांना जे हलले असतील तेवढेच तपासले तर काय बिघडतं, हा प्रश्न तिनं इतक्यांदा विचारला की शेवटी त्यांनी बसून हिशेब केला. एप्रिलपर्यंत नऊ मिनिटांची दोन झाली.

प्रणीतची मुदत मे महिन्यात संपली. बंगळूरला उतरला तो आधी आईला भेटला आणि दुसऱ्या दिवशी शालनच्या घरी आला. देवाप्पानं मुद्दाम सुट्टी घेतली होती. जेवताना प्रणीत म्हणाला, "तुम्ही पेडल दाबलंत ना, तेव्हा मला वाटलं होतं, ह्या बाईंनी मला खड्ड्यात ढकललं."

"मग आता?" शालननं विचारलं.

"आता मी सर्जरीला प्रवेश घेतोय. नीरजा मॅडम म्हणाल्या, हात बरा आहे, फक्त श्वास फार मोठ्यानं घेतोस."

बुधनला मार्चअखेर चंदीगडहून घरी सोडलं होतं. जूनमध्ये एका दुपारी शालनचा फोन वाजला. नंबर त्याला प्रणीतनं दिला होता. बुधन जपून, एकेक शब्द ठेवल्यासारखं हिंदी बोलत होता. आधी त्यानं विचारलं, "ऑपरेशन आपने किया था?"

शालननं सांगितलं की नाही, ते दोन डॉक्टरांनी केलं, मी फक्त मशिनपाशी होते. बुधन म्हणाला, ठीक आहे, मशिनपाशीही कुणीतरी लागतंच. मग त्यानं खरा प्रश्न विचारला. पावसाळा तोंडावर आला होता. त्याला नांगर धरायचा होता. पोटावर जोर दिला तर चालेल का?

शालनला ते माहीत नव्हतं. तिनं त्याला फोनवर थांबवलं आणि नीरजांच्या खोलीत गेली. नीरजांनी फोन स्पीकरवर घेतला आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत त्याला दहा मिनिटं प्रश्न विचारले. जेवतोस काय, रात्री ताप येतो का, टाके कसे दिसतात. नांगराला आणखी दोन महिने थांब म्हणाल्या. शेवटी विचारलं, "तीन इंजेक्शन लिहून दिली होती. घेतलीस?"

दोन घेतली होती. तिसरं गावाकडे मिळालं नाही, असं तो म्हणाला.

नीरजांचा चेहरा बदलला. पाणथरी नसलेल्या माणसाला साधा संसर्गही मारू शकतो, आणि ती लस चुकवून चालत नाही. त्यांनी शालनला कागद पुढे केला. "गावाचं नाव, जवळचं आरोग्य केंद्र, सगळं लिहून घे."

पुढचे चार दिवस शालन मोकळा वेळ मिळाला की दुमक्याच्या बाजूला फोन लावत होती. एका केंद्रानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. कुणी साहेब जेवायला गेलेत म्हणालं, कुणी सोमवारी करा म्हणालं, आणि प्रत्येकाला ती सांगत राहिली की नाही, सोमवारी नाही, आजच पाहा. जिल्ह्याच्या इस्पितळात शेवटी ती लस निघाली. गुरुवारी बुधन बसनं बावीस किलोमीटर गेला, दंडावर सुई घेतली आणि तिथल्या नर्सच्या फोनवरून शालनला कळवलं की झालं.